ठेक्याचा दिवा

कान गेले तसं बाबांनी गाणं सोडलं. ठेकाच ऐकू येईना, तर गाणार कसं? म्हणून ठेका निदान डोळ्यांना दिसावा, या हेतूने आईने लेकीला गुरू करून लुकलुकणारा दिवा जुळवायला घेतला. आधी तो उलटा जोडला, तर पेटेचना. सुलटा केला, तर विंचू चावल्यागत थयथयाट करू लागला.

"आई, मोठा कपॅसिटर लाव, म्हणजे दम खाऊन लुकलुकेल."

दिवा संथ झाला. आईने तो बाबांपुढे ठेवला. बाबांची बोटं मांडीवर पडू लागली आणि हळूहळू गळा मोकळा झाला. कडवं संपताच ते कुरकुरले, "तुझा दिवा ठेक्यात मागे पडतो हं!"

आई खुदकन हसली. लग्न झाल्यापासून तिच्या टाळ्यांनी हीच बोलणी खाल्ली होती.