गप्प बसणारी माणसं

चार महिने खपून शिवलेल्या वीस बुजगावण्यांची जाहिरात अनुसयाबाईंनी शेतकऱ्यांच्या ग्रुपवर टाकली, तर जो तो हसला. एकाने लिहिलं, "वहिनी, दोन काठ्या आन् फाटका सदरा आमच्याही घरी हाये." घरभर बसलेली ती बुजगावणी बघून बाईंना रडू फुटायचं.

अशातच एके दिवशी पुण्यातल्या एका सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. "तुमची जाहिरात फिरत फिरत आमच्यापर्यंत आली. आमच्या सभेला कोरमच भरत नाही हो. सगळी वीस पाठवता का?"

बाईंना आधी थट्टा वाटली. मग खरं गिऱ्हाईक कुठं आहे ते उमगलं. वीसही बुजगावणी पुण्याला धाडून, जुनी जाहिरात पुसून त्यांनी नवी लिहिली: "कार्यक्रमाला माणसं कमी पडतात? आमची शेवटपर्यंत बसतात, उलट बोलत नाहीत." काव्यवाचनं, सत्कार समारंभ, सगळीकडून मागण्या आल्या.

रविवारी सेक्रेटरींचा पुन्हा फोन आला. "बाई, सभेत घोळ झाला. अध्यक्षपद सगळेच नको म्हणाले. तुमचा निळ्या सदऱ्याचा तेवढा काही बोलला नाही. तोच बिनविरोध निवडून आला."

"अगं बाई! लगेच येते न्यायला."

"छे, छे! पाच वर्षं राहू द्या. इतका समजूतदार माणूस आम्हाला कधी मिळालाच नव्हता."