न नोंदवलेलं सोनं

चोराने उचकटलेलं कपाटाचं दार अजून लटकत होतं. विमा कंपनीचा माणूस म्हणाला, "दागिने वेगळे नोंदवले नाहीत तुम्ही, त्यामुळे मर्यादेपुरतेच पैसे मिळतील. त्यात जेमतेम एक अंगठी येईल."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. विमा उतरवताना एजंटने दागिन्यांचं विचारलं होतं. मी आईच्या पाटल्यांचं सांगणार, तोच ह्यांनी माझ्यावर डोळे वटारले अन् हसत म्हणाले, "आमच्याकडे कसले दागिने?" तो गेल्यावर माझ्यावरच डाफरले, "परक्याला कुणी घरातलं सोनं सांगतं का?"

आता तेच मला ढोसत होते, "अगं, सांग ना साहेबांना! पाटल्या, तोडे, सगळं सांग."

"आमच्याकडे कसले दागिने?" मी म्हणाले. "ज्याला न सांगता कळलं, तो घेऊन गेला."