सफरचंदाची साल

"ही तंबाखू आहे की लाकडाचा भुसा?" सरनोबतांनी डबा दुकानाच्या काउंटरवर आपटला. "पाइपात भरताना चुरा होतो, ओढली की जीभ पोळते. दोन महिने जुना माल खपवताय मला!"

म्हाताऱ्या दुकानदाराने चिमूटभर तंबाखू बोटांत चोळून पाहिली. "साहेब, माल तोच आहे. तंबाखू नुसती सुकलीय. बाईंनी साल घालणं सोडलं का?"

"कसली साल?"

"सफरचंदाची. तंबाखू मऊ कशी ठेवायची म्हणून विचारायला आल्या होत्या पूर्वी. मीच सांगितलं, ताज्या सालीचा तुकडा डब्यात टाका, रोज बदला. म्हणाल्या, 'साहेबांना सांगू नका, त्यांच्यासमोर मी पाइपाच्या नावानं बोटं मोडते.'"

बायकोला जाऊन दोन महिने झालेत, हे सरनोबतांना सांगवेना. तीस वर्षं रोज सकाळी ती सफरचंद सोलून खायची आणि तीस वर्षं ते तिला टाकून बोलायचे, "सगळं सत्त्व सालीत असतं, तीच काढून टाकतेस. अडाणी कुठली!" ती हसायची आणि साल मुठीत घेऊन आत जायची.

घरी येऊन त्यांनी सफरचंद सोललं. साल जाडजूड निघाली. तिची कागदासारखी पातळ असायची. आपली जाड साल डब्यात ठेवून त्यांनी झाकण घट्ट लावलं आणि फोडी बशीत घालून तिच्या खुर्चीसमोर ठेवल्या.

संध्याकाळी डबा उघडला तेव्हा तंबाखू अगदी पूर्वीसारखी मऊ लागली हाताला. बशीतल्या फोडी मात्र काळ्या पडल्या होत्या, आणि त्या आता कुणी खायच्या, हे त्यांना कळेना.