संशयित इसम

सकाळपासून आमचे हे घरात नव्हते. आताशा यांना घरचा रस्ताही आठवत नाही, म्हणून मी पोलीस ठाण्यात रडत बसले होते. तेवढ्यात किराणावाला मोबाइल नाचवत आला. "साहेब, आमच्या कॅमेऱ्यात चोर सापडलाय! बघा, विजेच्या मीटरमध्ये डोकावतोय." पाठोपाठ शिंपी आला, मग पाळणाघरवाली. कुणी बोलावलं नव्हतं, पण तिघांकडे आपापल्या कॅमेऱ्यातलं तसंच चित्रण: एक म्हातारा वाकून मीटर बघतोय आणि तळहातावर बोटानं आकडे गिरवतोय. मी डोळे पुसले. "अहो, चोर नव्हे, हे तर आमचे हे! जन्मभर मीटरचे आकडेच टिपले यांनी." "शेवटचे कुठे दिसले?" हवालदारानं विचारलं. पाळणाघरवाली ओशाळली. "आजी, माफ करा. मी त्यांना खेळण्यांच्या कोठीत कोंडून आलेय." मी तिचे दोन्ही हात धरले. "माफी कसली, लेकी? तुझे उपकारच झाले. कुलूप पक्कं आहे ना?"