उभ्या गाडीतला आवाज

“असा!” म्हणत चंद्रमौळी रावांनी डाव्या हातातली चांदीची अंगठी काउंटरच्या काचेवर तीनदा वाजवली. टक्, टक्, टक्. “इंजिनांत बसून कोणी दार ठोठावतें, असा. आणि तुमचे लोक म्हणतात, आवाजच नाहीं!”

मंदारने स्क्रीनवरून मान वर केली. साताऱ्याहून चेन्नईला येऊन त्याला दीड वर्ष झालं होतं, पण सर्व्हिस सेंटरच्या काउंटरवर कुणी आपल्याशी मराठीत भांडेल असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. रावांचं मराठी तंजावरचं. पोथीतून उठून आल्यासारखं, आणि मध्येच ‘अय्यो’ नाहीतर ‘सरि’, धाकट्याला ‘तंबी’. तक्रार मात्र आजची. पिकअपच्या इंजिनात ठोका येतो. चार महिन्यांतली ही चौथी फेरी. वॉरंटी शनिवारी संपणार होती आणि आज गुरुवार होता.

राव चेन्नईतल्याच वेस्ट मांबलममध्ये राहायचे, वय बासष्ट. लग्नकार्याला भांडी भाड्याने पुरवायचे. साठीला मुलीने अंगठी घातली, त्याच आठवड्यात त्यांनी ही गाडी घेतली. वॉरंटी संपल्यावर इंजिन बसलं, तर धंदाही बसला.

याआधी तिन्ही वेळा मेकॅनिकने गाडी हिंडवून आणली होती. नियमाप्रमाणे चालवायला मेकॅनिक, आणि शेजारच्या सीटवर राव, तक्रारींची वही दोन्ही हातांनी पोटाशी धरून. तिन्ही वेळा कागदावर तेच आलं, ‘आवाज आढळला नाही.’ पहिल्यांदा म्हणाले, मागची भांडी वाजत असतील. रावांनी गाडी रिकामी करून आणली. दुसऱ्यांदा म्हणाले, पेट्रोल पंप बदला, डिझेल खराब असेल. रावांनी तेही केलं. तिसऱ्यांदा मॅनेजर राममूर्ती नुसता हसला. घरी बायकोने, अंबुजाबाईंनी, हळूच विचारलं, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन येऊ या का? ते हसणं आणि हे विचारणं, दोन्ही रावांना फार लागलं होतं.

“आज शेवटचं बघ,” राममूर्ती मंदारला तमिळमध्ये म्हणाला. “नाही सापडलं तर तक्रार बंद करून टाक. किती दिवस चालवायचं हे?”

मंदारला मात्र आता राहवेना. त्याने रावांची वही उघडली.

“काका, आवाज येतो कधी नेमका?”

“चालतांना नाहीं. उभी असतां येतो. सिग्नलास.”

“आणि गिअर टाकला की?”

“बंद.”

“माल भरला की जास्त?”

राव विचारात पडले. “मालाचं कांहीं नाहीं. मंडपास पोंचायला उशीर होत असला, कीं जास्त.”

मंदारला हसू आवरेना. “अहो, उशीर झालाय हे गाडीला कसं कळतं?”

“तेंच तर मीही विचारतों, तंबी!”

इंजिनाचा ठोका असा नसतो. तो चढावर वाढतो, ओझ्याने वाढतो. हे सगळंच उलटं होतं. मंदारने नळी लावून इंजिन ऐकलं, नटबोल्ट तपासले, मशीन जोडून पाहिलं. कुठे काही नाही. गाडी ठणठणीत होती. मग त्याच्या डोक्यात आलं, या तीन फेऱ्यांत राव एकदाही स्टीअरिंगवर नव्हते.

“तुम्ही चालवा,” त्याने किल्ली पुढे केली. “मी शेजारी बसतो.”

हे नियमात बसत नव्हतं. राममूर्ती जेवायला गेला होता म्हणून जमलं.

पानगल पार्कच्या सिग्नलला लाल दिवा लागला. एकशे दहा सेकंद. रावांनी काचा वर केल्या, हँडब्रेक ओढला आणि डावा हात सैलसा तिथेच राहू दिला. दोघं कान टवकारून समोर बघत बसले. वीसेक सेकंद गेले.

टक्-टक्-टक्-टक्.

मंदार ताडकन सरळ झाला. आवाज होता! शपथेवर सांगावं इतका स्पष्ट. “ॲक्सिलरेटर दाबा जरा,” तो म्हणाला. इंजिन घुमलं. आवाज त्याच्या त्याच चालीने येत राहिला, ना जलद ना हळू. असं कसं होईल?

“काका, इंजिन बंद करा.”

“अय्यो, सिग्नलास?”

“करा तर!”

रावांनी उजव्या हाताने किल्ली फिरवली. गाडी शांत झाली.

टक्-टक्-टक्-टक्.

“ऐकिलेंस कीं?” रावांच्या डोळ्यांत पाणी आलं. “चार महिने मला खुळ्यांत काढलं सगळ्यांनी! इंजिन बंद, तरी येतोच आहे! आतां तरी लिही, तंबी, आवाज आहे म्हणून!”

मंदार खाली बघत होता. रावांची अंगठी हँडब्रेकच्या लोखंडी दांड्यावर वाजत होती. डिझेल इंजिनाच्या थरथरीत हाताची थरथर इतके दिवस लपून गेली होती. साताऱ्याला त्र्यंबक आजोबांचा कप अस्साच बशीत वाजायचा. डॉक्टरांनी कंपवात म्हणेपर्यंत घरच्यांनी दोनदा कपबश्या बदलल्या होत्या.

मंदारने नुसता आपला तळवा रावांच्या हातावर ठेवला आणि अलगद दाबला.

“थांबला!” राव हरखून गेले. “शाबास! काय केलेंस रे?”

आणि मग त्यांनी खाली पाहिलं.