अकरा वर्षांचं कडं

पिशवीत पाच ओले पॅड होते. काल सकाळी बायकोने त्याला आठ कोरे मोजून दिले होते. प्रोस्टेटच्या ऑपरेशननंतर लघवी रोखायला बसवलेलं कृत्रिम कडं अकरा वर्षं चाललं, पण महिन्याभरापासून सैल पडलं होतं. वापरलेले पॅड तोलून दिवसभराची गळती दोनशे ग्रॅमच्या वर निघाली तर पुन्हा ऑपरेशन, असं डॉक्टर म्हणाले होते. आणि त्याचं हृदय भूल सोसेलच असं नाही, हेही. “उरलेले तीन कुठायत?” तिने विचारलं. “अगं, अकरा वर्षं टिकलं. आपला फ्रिजसुद्धा नवव्या वर्षी गेला.” “फ्रिजचं राहू द्या. तीस वर्षं वजनकाट्यावर ट्रकवाल्यांची लबाडी पकडलीत, आणि आता स्वतःच?” कपाटामागून लपवलेल्या तीन पॅडचं पुडकं काढून त्याने आठही पॅड घरच्या काट्यावर ठेवले, सवयीप्रमाणे कोऱ्या पॅडांचं वजन वजा केलं आणि आकडा लिहिला: चारशे सव्वीस ग्रॅम.