कवळीचं कारण

ईट गावच्या प्रयागबाईंची टाळू कवळीखाली सुजून लालभडक झाली, तेव्हा मुलगा बलभीम त्यांना दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"आजी, कवळी रोज घासता ना?"

"दिवसातनं चार येळा."

आपण दात एकदाच घासतो, हे आठवून बलभीम ओशाळला.

"कशानं घासता?"

"मिश्रीनं."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मिश्रीतल्या तंबाखूनंच सूज वाढलीय. मिश्री सोडा, नाहीतर कवळी तरी काढून ठेवा."

"आई, कवळी भाकरी चावायला बसवली ना आपण?" बलभीम कळवळला.

"भाकरी म्या अजून कुस्करूनच खाते," प्रयागबाई शांतपणे म्हणाल्या. "दात न्हाईत तर मिश्री कशाला, म्हणून डबी तूच उकिरड्यावर फेकलीस. मग दात बसवावेच लागले की."